‘नुसतं खेळतात’ म्हणणाऱ्या पालकांना आणि तपासायला येणाऱ्या साहेबांना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्वप्राथमिकच्या प्रवेशांचे दिवस आले की आपल्या अंकात जाहिराती येऊ लागतात. टाय लावलेलं तीन वर्षांचं पोर, पाठीला त्याच्याहून मोठं दप्तर, मागे रंगीत फुगे आणि खाली ओळीने ‘प्ले-वे पद्धत’, ‘स्मार्ट क्लास’, ‘लेखनाचा भक्कम पाया’. याच दिवसांत आमच्या पाड्याच्या रस्त्यावर खाजगी बालवाडीची एक पांढरी इको गाडी दिसायला लागते. एकेका घराशी थांबते, माणूस उतरतो, कागद देतो. मग पालक माझ्याकडे येतात. कुणी ओशाळत येतं, कुणी तोऱ्यात येतं, पण बोलणं एकच असतं. “ताई, राग मानू नका. तुमच्याकडं पोरगं नुसतं खेळतं.”

मी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. शिक्षण बारावी. बाकी जे शिकले ते प्रशिक्षणांत आणि मुलांपाशी. ‘नुसतं खेळतात’ याचं उत्तर मी आजवर दारात उभ्या उभ्या दिलं आहे. आज आपल्या पत्रातून सगळ्यांना एकदमच देते. जागा जास्त लागेल, त्याबद्दल माफी असावी.

पालकांना मी नावं ठेवणार नाही. आमच्या इथले बाप उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत जातात, काही बोईसरला. तिथे सुपरवायझर इंग्रजीत दोन शब्द बोलतो आणि यांना खाली मान घालावी लागते. आपल्या पोराची मान खाली जाऊ नये एवढंच त्यांना हवं असतं, त्यात चूक काय? गाडीवाला माणूस त्यांना वही दाखवतो. चार रेघी वही, पानोपानी ए ए ए ए, बी बी बी बी, खाली लाल शाईत तारा. वही हातात धरता येते, पाहुण्यांना दाखवता येते. माझ्याकडे दाखवायला काय असतं? चिखलाने भरलेली पोरं.

तर त्या चिखलाविषयीच सांगते.

आमच्याकडची बरीच घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. मुलंही बरोबर जातात. पावसाच्या तोंडावर सगळे परत येतात आणि जूनमध्ये माझी अंगणवाडी पुन्हा भरते. महिनोन्‌महिने भट्टीवर राहिलेलं पोर पहिल्या दिवशी पाटीकडे बघतसुद्धा नाही. एका जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला होता, अंगणात माती भिजून मऊ झाली होती. सात-आठ पोरं तिथे बसली आणि काडेपेटीच्या आतल्या खणाचा साचा करून विटा पाडायला लागली. मी आतून बोलावत होते, कारण त्या आठवड्याच्या नियोजनात ‘पाळीव प्राणी’ हा विषय होता आणि मी मांजराचा मुखवटा करून ठेवला होता. कुणी आलं नाही. मग मुखवटा टांगला खुंटीला आणि मीच उंबऱ्यावर जाऊन बसले.

पहिल्या विटा साच्याला चिकटत होत्या, सुटताना कोपरे तुटत होते. एक चारेक वर्षांचा मुलगा म्हणाला, “आधी रेती लाव. नायतर चिकटंल.” त्याने चिमूटभर कोरडी रेती खणात भुरभुरवली, झटकली, मग माती दाबून भरली आणि उलटी केली. वीट अखंड बाहेर. भट्टीवर साच्याला रेती लावतात हे मला माहीत नव्हतं, त्याला होतं. दुसऱ्याने माती जास्त पातळ केली तर त्याची वीट बसली, पसरली. तिसरा म्हणाला, “लय पानी टाकतंस.” मग पाणी किती यावर भांडण. एका पोराने दोन ओंजळी माती, अर्धी ओंजळ पाणी असं काहीतरी ठरवलं आणि सगळ्यांनी ते ऐकलं, कारण त्याच्या विटा उभ्या राहत होत्या.

यात एक मुलगी होती, पाचाला टेकलेली, भावाचा गुडघ्यापर्यंत येणारा शर्ट घातलेली. ती विटा पाडत नव्हती. ती मुकादम झाली होती. हातात काटकी. कुणाची रांग दहाची भरली की ती चुलीतल्या कोळशाने अंगणवाडीच्या भिंतीवर त्याच्या नावाची एक रेघ ओढायची. रांगेत एक वीट फुटकी असली तर रेघ नाही. एकाने हुज्जत घातली तर तिने सरळ सांगितलं, “तुज्या इटा फुटल्या. तुला खर्ची नाय.” भट्टीवर आठवड्याला जे पैसे हातात पडतात त्याला खर्ची म्हणतात. पाच वर्षांच्या पोरीला हे ठाऊक असावं याचं मला वाईट वाटलं, तो वेगळा विषय आहे. पण ती दहा-दहाचे गट पाडत होती, एका रेघेला दहा मोजत होती, आणि कुणाच्या रेघा जास्त हे न मोजता नुसत्या नजरेने सांगत होती. पहिलीच्या पुस्तकात दशक शिकवायला किती पानं जातात ते शिक्षकांना विचारा.

मी काय केलं? फार नाही. घमेलंभर रेती आणून ठेवली. काडेपेटीशेजारी साबणाची मोठी पेटी ठेवली आणि काही बोलले नाही. थोड्या वेळात प्रश्न आलाच, एका मोठ्या विटेत छोट्या किती बसतात. मग मुकादमबाईंना विचारलं, “कालच्यापेक्षा आज जास्त झाल्या का? कशावरून?” आणि चौथ्या दिवशी भिंतीवरच्या रेघांशेजारी मी खडूने आकडे लिहिले. तीन रेघांशेजारी ३, पाच रेघांशेजारी ५. समजावून सांगितलं नाही, फक्त लिहिले. ती पोरगी बराच वेळ ते बघत राहिली. मग रेघ ओढायची सोडून तिने मला विचारलं, “सहाचा कसा काडतात?”

हे नुसतं खेळणं आहे का, ते वाचकांनी ठरवावं. त्या आठवड्यात मांजर राहूनच गेलं. नियोजनाप्रमाणे विषय का घेतला नाही, असा शेरा माझ्या वहीत पडला तो मी जपून ठेवला आहे.

आता वहीबद्दल. पेन्सिल धरायची घाई का करू नये हे मी पालक मेळाव्यात सांगते तेव्हा पहिल्यांदा लोक हसतात. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातली दोन-तीनच दिसतात. बाकीची अजून कुर्चेचीच असतात, एक्स-रेत उमटत नाहीत. हळूहळू सहा-सात वर्षांपर्यंत एक सोडून सगळी दिसू लागतात, शेवटचं तर त्यानंतर. अशा हाताला चार रेघांच्या मधोमध बी बसवायला लावलं की ते पोर पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यातून जोर लावतं, जीभ बाहेर काढतं आणि पानाला भोक पाडतं. मग आई म्हणते, याला लिहायचा कंटाळा आहे.

त्याच हाताला कणीक मळायला द्या. मणी ओवायला द्या, भेंडीचे ठसे मारायला द्या, जुना पेपर फाडून फाडून चिकटवायला द्या. झाकणं फिरवायला, कपड्यांना चिमटे लावायला, शेंगा सोलायला द्या. आमच्याकडे चिकूच्या बिया भरपूर, काळ्या, गुळगुळीत, एका टोकाला बारीक आकडा असलेल्या. त्या चिमटीत धरून बाटलीच्या तोंडातून आत टाकायला लावलं की बोटं जी काम करतात, ती पुढे पेन्सिल धरणारीच बोटं असतात. वर्षभर हे केलेल्या मुलाला पहिलीत अक्षर गिरवायला फार दिवस लागत नाहीत. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या पहिलीच्या बाईंनी मला एकदा सांगितलं होतं की, अंगणवाडीतून आलेल्यांना अक्षरं कमी येतात, पण ती विचारतात. वहीवाल्यांना अक्षरं येतात, पण पान संपलं की ती पुढचं पान कुठलं ते विचारतात. बाईंचं निरीक्षण आहे, मी जसंच्या तसं लिहिलं.

गाडीतून जाणारं एक मूल मध्येच माझ्याकडे परत आलं होतं, फी भरायला जमेना म्हणून. आजी घेऊन आली. वन टू थ्री शंभरपर्यंत न अडखळता म्हणून दाखवलं त्याने, आजीच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, मला पाच बिया दे. त्याने ओंजळ भरून दिल्या. त्याची काही चूक नव्हती. शंभरपर्यंतचे आकडे त्याला गाण्यासारखे पाठ होते, गाण्यातल्या पाचाइतक्या बिया कशा वेगळ्या काढायच्या हे त्याला कुणी दिलंच नव्हतं हातात.

हे मी काही नवीन सांगत नाही. आमच्याच तालुक्यात ऐंशी वर्षांपूर्वी सांगून झालंय, करून झालंय. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्याच कामात राहून आल्या होत्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला होता. शहरातल्या मुलांसाठी मॉन्टेसोरी पद्धतीची कामं सुरू होती. पण खेड्यातल्या, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांचं काय, म्हणून ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या, समुद्रकाठच्या आमच्या बोर्डीला, आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई १९७३ मध्ये वारल्या, अनुताई त्यानंतरही १९९२ पर्यंत, शेवटपर्यंत त्याच कामात होत्या.

त्यांनी पहिल्यांदा बालवाडी मांडली आणि मुलं आलीच नाहीत. मग त्यांनी काय केलं, तर बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, मग खेळ. परदेशी पद्धतीची पॉलिश केलेली लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, तर बिया, पानं, शिंपले, खडे, काड्या. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायचं म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली, तिला विकासवाडी म्हणत. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. माणसं कशी जगतात ते आधी बघायचं, शाळा त्याप्रमाणे शिवायची. मी कोसबाडला जाऊन आले आहे. टेकडीवरून खाली चिकूच्या वाड्या दिसतात, लांब समुद्राची रेघ. आमच्या भागातल्या किती पालकांना ठाऊक आहे की सगळ्या देशात पसरलेली ही अंगणवाडी पहिल्यांदा आपल्या घराजवळच्या अंगणात भरली होती?

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, ३३ प्रकल्पांपासून. सहा सेवा ठरल्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजाऱ्याला पुढच्या दवाखान्यात पाठवणं), आरोग्य व पोषणाचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. मी वाचले त्या सगळ्या कागदांत शेवटची सेवा शेवटीच लिहिलेली असते आणि दिवसभरातही ती शेवटीच येते.

कागदावर मात्र आता सगळे खेळाच्याच बाजूचे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वयाचा एक पायाभूत टप्पा धरला. २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला. २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ आला, खेळणी, कोडी, कठपुतळ्या, गोष्टी. २०२४ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रमाचा आराखडा आला. त्यात वर्षाचे ४८ आठवडे पाडले आहेत. पहिले चार मुलांनी रुळावं म्हणून, छत्तीस शिकण्याचे, आठ उजळणीचे. खेळाधारित शब्द पानापानावर. मला तो आराखडा आवडला, खोटं कशाला बोलू. रडणाऱ्या मुलासाठी चार आठवडे राखून ठेवावेत हे कुणाला तरी सुचलं, हेच मोठं आहे.

मग अडतं कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि दोन्ही अगदी साधी आहेत.

एक म्हणजे वेळ. खेळाधारित शिक्षणात बाईने बसायचं असतं. उंबऱ्यावर बसून बघायचं असतं की कोण काय करतंय, कधी काही ठेवायचं, कधी एक प्रश्न टाकायचा, कधी गप्प राहायचं. मी विटांच्या वेळी बसू शकले कारण त्या आठवड्यात मोबाइलला रेंजच नव्हती. एरवी मुलं गोलात बसली की माझं एक बोट मोबाइलवर असतं. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आहे. हजेरी त्यात, वजन-उंची त्यात, आहार त्यात, गृहभेट त्यात. घरी न्यायचा आहार वाटताना आता चेहऱ्याची पडताळणी. ॲपचा दोष नाही म्हणत, कुपोषित मूल लवकर लक्षात येतं हे खरं आहे. पण आमच्या पाड्यावर नेटवर्क पाण्याच्या टाकीपाशी मिळतं. मी टाकीपाशी, मदतनीस चुलीपाशी, आणि मुलं? मुलं ‘नुसती खेळतात’. त्या वेळेपुरतं पालकांचं म्हणणं खरं असतं बरं का. आणि अंगणवाडीबाहेरची कामं वेगळीच. २०२४ च्या पावसाळ्यात राज्यभर सेविकांनी लाडक्या बहिणींचे अर्ज भरले. मतदार याद्यांचं काम आमच्यातल्या कितीजणींकडे आहे. बहिणीच्या, मतदाराच्या सगळ्यांच्या याद्या झाल्या की मग चार वर्षांच्या नागरिकाचा नंबर.

इथे एक गोष्ट मी खेळाची वकिली करणाऱ्यांनाही सांगते. मुलं मोकळी सोडली की आपोआप शिकतात, असं काही शहाणे लोक व्यासपीठावरून सांगतात. तसं नाही. एका प्रशिक्षणात आम्हाला दिल्लीतल्या बालवाड्यांचा अभ्यास सांगितला होता, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. दीड हजाराहून जास्त मुलं होती. त्यांच्याकडून चार महिने गणिताचे खेळ खेळून घेतले, ठिपक्यांचे, आकारांचे, कमी-जास्तीचे. मुलांची ती समज सुधारली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण शाळेत गेल्यावर आकड्यांच्या गणितात मात्र ती इतरांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत. म्हणजे खेळ फुकट गेला का? नाही. पण खेळातून आकड्याकडे जायचा पूल कुणीतरी बांधावा लागतो. रेघेशेजारी ३ लिहिणारं माणूस लागतं, आणि ते नेमक्या दिवशी तिथे बसलेलं असावं लागतं. टाकीपाशी नव्हे.

दुसरी अडचण म्हणजे कपाट. यावर कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

बहुतेक अंगणवाड्यांत एक लोखंडी कपाट असतं. त्यात खेळणी असतात. लाकडी ठोकळे, कोडी, बाहुल्या, मण्यांची पाटी, कधी कुणा दात्याने दिलेली छोटी घसरगुंडी घडी करून. कपाटाला कुलूप असतं. तुम्ही कधी अंगणवाडीत गेलात तर बघा, खेळण्यांवरचं प्लॅस्टिकचं आवरणही काही ठिकाणी निघालेलं नसतं. लोक म्हणतात सेविका आळशी. आळशी नाही हो, घाबरलेली. प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे सामानाच्या वहीत, चढलेली असते. ठोकळ्यांचा संच १, नग ४०. तपासणीला नग मोजतात. ३८ भरले की प्रश्न. कोड्यातला हत्तीचा कान हरवला की संच अपूर्ण. बाहुलीचा हात निघाला की खुलासा. मानधनावरची बाई, तिला कुणी कधी खरंच पैसे भरायला लावले असोत वा नसोत, भीती एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात आपोआप पोचते. मग ती काय करते? साहेब यायच्या दिवशी कपाट उघडते, मुलांसमोर खेळणी मांडते, फोटो काढते, पुन्हा मोजून आत ठेवते. पोरांनाही कळतं. एकदा माझ्याकडे शेजारच्या पाड्यावरचा मुलगा आला होता, ठोकळे समोर ठेवले तर हात न लावता विचारतो, “कोन येनारंय आज?”

खाजगीतही वेगळं नाही. तिथे कपाटाला काच असते इतकंच. काचेतून खेळणी पालकांना दिसली पाहिजेत, म्हणून. आजकाल तर भिंतीवर मोठा टीव्ही असतो, पडद्यावरचं माकड टाळ्या वाजवतं, मुलं बघतात. माकडाला खेळाधारित शिक्षण मिळतं, मुलांना मिळत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाही, मानधनाची तर या पत्रात मुळीच नाही, त्यासाठी आमची संघटना आहे. खेळणी मोडण्याची परवानगी द्या, एवढंच मागते. लेखी. खेळण्यांच्या संचातले इतके टक्के नग दरवर्षी झिजणार, हरवणार, तुटणार हे गृहीत धरून ते नोंदवहीतून सेविकेच्या सहीने कमी करता यावेत. शाळेतला खडू संपला की कुणी खुलासा मागत नाही, मग हत्तीच्या कानाचा का? उलट तपासणीला आलेल्या माणसाने ठोकळ्यांच्या कडा बघाव्यात. वर्षभरात कडा गोल झाल्या नसतील, रंग उडाला नसेल, तर विचारावं, हे बंद का होतं?

दुसरी मागणी तपासणीचीच. येणारे साहेब, मॅडम आल्या आल्या रजिस्टर मागतात. त्याऐवजी आधी अर्धा तास खाली बसावं. खुर्चीवर नाही, सतरंजीवर. मुलांना काही विचारू नये, कविता म्हणायला लावू नये. नुसतं बघावं. मग रजिस्टर. एक पर्यवेक्षिका असं करायच्या. त्या आल्या की मुलांना पाहुणे आल्यासारखं वाटायचं नाही. एक पोर तर त्यांच्या पदरात वाळू ओतून गेलं होतं. त्यांची बदली झाली.

तिसरी, दिवसातला एक तुकडा आम्हाला मोकळा हवा. सकाळी मुलं आल्यापासून आहार वाटपापर्यंत मोबाइलवर काहीही भरायची सक्ती नको. नोंदी दुपारनंतर होऊ शकतात. वजनकाटा पळून जात नाही, नेटवर्क तर तसंही नसतंच.

आणि भट्टीवर गेलेल्या मुलांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दिवाळीनंतर माझी निम्मी अंगणवाडी रिकामी होते. सहा ते चौदा वयाच्या मुलाला २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला. सहाच्या आतल्यांसाठी घटनेच्या ४५ व्या कलमात राज्य ‘प्रयत्न करील’ एवढंच आहे. भट्टीमालकाकडे जाऊन मी कुठलं कलम दाखवू? ताराबाईंनी बालवाडी अंगणात नेली होती. आता अंगणच वर्षातले काही महिने दुसऱ्या तालुक्यात असतं.

राहता राहिले पालक. तुम्ही इको गाडीत मूल बसवलंत तर मी अडवणार नाही, पैसे तुमचे, पोर तुमचं. पण फी भरण्याआधी तिथे एक चक्कर मारा, मुलं असतील त्या वेळी. बाहेर वाळू किंवा माती आहे का बघा, आणि ती ओली आहे का, त्यात हात गेलेले दिसतात का. खेळणी मुलांच्या हाताला पोचतात अशी खाली आहेत की वर. बाई बोलत असताना एखादं पोर मध्येच बोललं तर बाई काय करतात ते बघा. तासाभरात मुलं किती वेळा उठली ते मोजा. कपाट उघडायला सांगा. आणि मग हेच सगळं माझ्या अंगणवाडीत येऊन बघा, मी टाकीपाशी गेलेली असले तर मला जाबही विचारा. त्याची नोंद तुम्ही कुठेही करा.

माझं नाव छापू नये ही विनंती. मानधनावर आहे, आणि पुढल्याच महिन्यात जडसंग्रहाची तपासणी आहे. यंदा ठोकळे ३३ आहेत.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. डहाणू, जि. पालघर